पुरात गेलं त्याचा हिशोब: नुकसान इन्कम टॅक्समध्ये कुठं धरलं जातं, कुठं नाही

सप्टेंबर २०२५ च्या पावसानं सीमाभागात दोन्हीकडं हाहाकार केला. उजनी आणि मांजरा धरणांतून सोडलेलं पाणी भीमा आणि मांजरेच्या पात्रातून खाली आलं. अफजलपूर, जेवर्गी, औराद, भालकी या पट्ट्यात तूर, सोयाबीन, मूग, उडीद पाण्याखाली गेले. नदीकाठच्या गावांत घरात, गोठ्यात, दुकानात पाणी शिरलं. ३० सप्टेंबरला मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी कलबुर्गी, बीदर, यादगीर आणि विजयपूर या जिल्ह्यांची हवाई पाहणी केली आणि वाढीव मदत जाहीर केली. आठवडाभरात महाराष्ट्र सरकारनंही आपलं पॅकेज जाहीर केलं.

मदत, पंचनामा, विमा यावर भरपूर बोललं गेलं. एक प्रश्न मात्र रिटर्न भरायची वेळ आली की दरवर्षी नव्यानं निघतो: झालेलं नुकसान टॅक्समधून वजा होतं का? आणि सरकारकडून मिळालेल्या मदतीवर टॅक्स लागतो का? यावर ऐकीव माहिती जास्त फिरते. म्हणून शेतकरी, दूधवाले, दुकानदार, दालमिलवाले आणि नोकरदार यांच्यासाठी नियम इथं वेगवेगळे करून देत आहोत. इन्कम टॅक्स हा केंद्राचा कायदा आहे. त्यामुळं उदगीर असो की भालकी, उमरगा असो की आळंद, नियम एकच.

थोडक्यात उत्तर

आपल्या कायद्यात 'नैसर्गिक आपत्तीची वजावट' असं स्वतंत्र कलम नाही. अमेरिकेत सरकारनं जाहीर केलेल्या आपत्तीत घरादाराचं नुकसान झालं तर काही अटींवर ते वैयक्तिक उत्पन्नातून वजा करता येतं. तिकडं राहणारे नातेवाईक फोनवर सांगतात ते हेच. भारतात तसं नाही. इथं एकच गोष्ट पाहिली जाते: गेलेली वस्तू करपात्र धंद्याची होती की घरची? धंद्याची असेल तर नुकसान हिशोबात येतं. घरची असेल तर येत नाही. शेतीचं उत्पन्न मुळातच करमुक्त असल्यानं शेतीच्या नुकसानीची वाट तिसरीच आहे.

सरकारी मदतीवर टॅक्स नाही, पण एक अट आहे

आधी मदतीचे आकडे. आपत्ती निधीच्या केंद्रीय निकषांप्रमाणं ३३ टक्के किंवा त्याहून जास्त पीक गेलं तर कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये मिळतात, २ हेक्टरच्या मर्यादेत. कर्नाटकानं त्यावर हेक्टरी ८,५०० रुपये वाढवले. म्हणजे कोरडवाहूला १७,०००, बागायतीला २५,५०० आणि बहुवार्षिकला ३१,००० रुपये. महाराष्ट्रानं ७ ऑक्टोबर २०२५ ला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात रब्बीच्या बियाण्यासाठीचे १०,००० धरून कोरडवाहूला हेक्टरी १८,५०० रुपये आणि मर्यादा ३ हेक्टर.

केंद्र सरकार, राज्य सरकार किंवा स्थानिक संस्थेकडून आपत्तीची भरपाई म्हणून मिळालेली रक्कम १९६१ च्या कायद्यातल्या कलम १०(१०बीसी) खाली करमुक्त आहे. ही सवलत व्यक्तीला आणि तिच्या वारसाला आहे. भागीदारी फर्म किंवा कंपनीला नाही.

आता अट. त्याच नुकसानीची वजावट तुम्ही आधी हिशोबात घेतली असेल, तर तेवढ्या रकमेपुरती भरपाई करमुक्त राहत नाही. एकाच नुकसानीचा फायदा दोनदा घेता येत नाही. खाली जनावरांच्या उदाहरणात हे नीट कळेल.

करमुक्त मदतही रिटर्नमध्ये 'करमुक्त उत्पन्न' या तक्त्यात दाखवावी. ती बँक खात्यात थेट जमा झालेली असते. पुढं कुणी विचारलं तर ती आधीच दाखवलेली असणं केव्हाही बरं.

शेतीचं नुकसान

शेतीचं उत्पन्न कलम १०(१) प्रमाणं करमुक्त. म्हणून शेतीचा तोटाही इतर उत्पन्नातून वजा होत नाही. दहा एकर तूर गेली म्हणून शिक्षकाचा पगार किंवा दुकानाचा नफा कमी दाखवता येणार नाही. हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे.

तरी एक बारीक मुद्दा लक्षात ठेवा. ज्यांचं शेतीचं उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर आणि बाकीचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर आहे, त्यांच्या टॅक्सचा दर काढताना शेतीचं उत्पन्न मिळवून मोजलं जातं. पगार किंवा धंदा असलेले बरेच खातेदार यात येतात. अशांना शेतीचा तोटा पुढच्या आठ वर्षांच्या शेती उत्पन्नातून वजा करता येतो, पण फक्त दर काढण्याच्या या हिशोबापुरता. त्यासाठी तोट्याच्या वर्षी रिटर्न भरून तो नोंदवलेला हवा. म्हणजे २०२५-२६ चा तोटा नोंदवला, तर पुढच्या चांगल्या वर्षी टॅक्स थोडा कमी बसतो.

जनावरं वाहून गेली, मेली

दुधाचा आणि कोंबड्यांचा धंदा कायद्यानं शेती नाही, तो व्यवसाय आहे. त्यामुळं इथं नुकसान खरोखर वजा होतं. कलम ३६(१)(vi) सांगतं की धंद्यासाठी ठेवलेलं जनावर मेलं किंवा कायमचं निकामी झालं, तर त्याच्या मूळ खरेदी किमतीतून, ते जनावर किंवा त्याचं कलेवर विकून आलेली रक्कम वजा करून उरेल ते नुकसान धरावं.

समजा एक म्हैस ६०,००० ला घेतली होती, ती पुरात मेली, विकून काही आलं नाही. वजावट ६०,००० रुपये. आपत्ती निधीतून दुभत्या म्हशीसाठी ३७,५०० रुपये मिळाले. आता वरची अट लागू होते. पूर्ण ६०,००० वजा केले असतील, तर हे ३७,५०० उत्पन्नात धरावे लागतात. हातात राहिलेली खरी वजावट २२,५०० रुपये. वजावट घेतलीच नसेल, तर ३७,५०० पूर्ण करमुक्त. निकषात एका कुटुंबाला तीनच मोठ्या दुभत्या जनावरांची मदत मिळते. चौथ्या-पाचव्या जनावरासाठी वजावटीचाच आधार उरतो.

खरेदीचा कागद हवाच. आठवडी बाजारातून घेतलेल्या जनावराची पावती, बँकेच्या कर्जाची नोंद, विम्याचा कानातला बिल्ला, यातलं काही तरी दाखवता आलं पाहिजे. घरीच वाढवलेल्या जनावराची 'खरेदी किंमत' दाखवणं अवघड जातं.

दुकानातला माल

किराणा, कापड, खत-बियाणं, औषधं, अडतीवरचा माल पुरानं गेला, तर तो धंद्याचा तोटा म्हणून मान्य होतो. धंदा करतानाच उद्भवलेलं नुकसान नफ्यातून वजा होतं, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयानं १९५८ मध्ये बद्रीदास डागा खटल्यात स्पष्ट केलं. तो खटला मुनीमानं केलेल्या अपहाराचा होता, पण तत्त्व तेच.

इथं तीन ठिकाणी लोक चुकतात.

पहिलं, दुहेरी मोजणी. वर्षअखेरच्या शिल्लक मालात गेलेला माल धरला नाही, तर तोटा आपोआप हिशोबात आला. वरून 'पुराचं नुकसान' अशी वेगळी ओळ घातली तर तेच नुकसान दोनदा वजा होतं. दोन्हीपैकी एकच करा.

दुसरं, किंमत. माल विक्रीच्या नाही, खरेदीच्या भावानं धरा. विम्याचे आणि भिजलेला माल विकून आलेले पैसे त्यातून कमी करा. ६ लाखांचा माल गेला, विम्याचे २ लाख आले, भिजलेला माल २०,००० ला गेला, तर तोटा ३,८०,००० रुपये.

तिसरं, जीएसटी. नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(h) प्रमाणं परत करावं लागतं. वरच्या ६ लाखांच्या मालावर ५ टक्क्यांनी ३०,००० क्रेडिट घेतलं असेल, तर ते उलटवा. ती रक्कम धंद्याचा खर्च होते, म्हणून तोटा ४,१०,००० वर जातो. इन्कम टॅक्समध्ये माल गेला म्हणायचं आणि जीएसटीत क्रेडिट तसंच ठेवायचं, ही विसंगती पुढं नोटीस आणते. कंपोझिशनवाल्यांना क्रेडिटच नसतं, त्यांना हा प्रश्न नाही.

८ टक्के, ६ टक्के वाल्यांनी थांबून विचार करा

सीमाभागातले बहुतेक छोटे दुकानदार कलम ४४एडी खाली, उलाढालीच्या ८ टक्के किंवा डिजिटल व्यवहारावर ६ टक्के नफा दाखवून रिटर्न भरतात. या पद्धतीत सगळे खर्च आधीच वजा झाले असं धरलं जातं. पुराचा तोटा वेगळा मागता येत नाही.

खरा तोटा दाखवायचा तर या पद्धतीतून बाहेर पडून वह्या ठेवाव्या लागतात. बाहेर पडलात तर पुढची पाच वर्षं परत येता येत नाही. त्या काळात एकूण उत्पन्न करमाफ मर्यादेच्या वर गेलं की ऑडिटही लागतं. म्हणून आधी आकडेमोड करा. उलाढाल ६० लाख, सगळी डिजिटल, तर ६ टक्क्यांनी नफा ३,६०,०००. नव्या कर पद्धतीत २०२५-२६ साठी ४ लाखांपर्यंत कर नाही आणि १२ लाखांपर्यंत रिबेटमुळं शून्यच भरावा लागतो. अशा दुकानदारानं बाहेर पडून काय मिळवलं? फार थोडं. उलट तोटा मोठा असेल आणि पुढच्या वर्षांत नफा चांगला येणार असेल, तर बाहेर पडणं फायद्याचं ठरू शकतं. हा निर्णय सीएशी बसून, कागदावर दोन्ही हिशोब मांडून घ्या.

दालमिल, यंत्रं, गोदाम

यंत्र किंवा इमारत गेली तर तिची किंमत एका फटक्यात वजा होत नाही. कायदा यंत्रांचा एक गट, म्हणजे 'ब्लॉक' धरतो आणि त्यावर घसारा देतो. साधारण यंत्रांवर १५ टक्के, धंद्याच्या इमारतीवर १० टक्के.

उदाहरण घ्या. एका दालमिलच्या यंत्रांची वहीतली किंमत १० लाख. दोन मोटारी आणि एक चाळणी पुरात गेली.
विमा नसेल: ब्लॉक १० लाखच राहतो, १.५ लाख घसारा मिळत राहतो. नुकसान हळूहळू, वर्षावर्षानं वसूल होतं.
विम्याचे ४ लाख आले: ब्लॉक ६ लाखांवर आला, घसारा ९०,०००.
विम्याचे १२ लाख आले: ब्लॉक संपून वरचे २ लाख अल्पमुदतीचा भांडवली नफा, म्हणजे करपात्र.

शेवटची गोष्ट ऐकून अनेकांना धक्का बसतो. पूर, भूकंप, वादळ, आग यात मालमत्ता नष्ट होऊन विम्याचे पैसे आले तर ते भांडवली नफ्याच्या हिशोबात धरायचे, असं कलम ४५(१ए) सांगतं. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वानिया सिल्क मिल्स खटल्यात नष्ट होणं म्हणजे हस्तांतरण नव्हे असं म्हटलं होतं. त्यानंतर १९९९ च्या वित्त कायद्यानं हे कलम आलं. पैसे ज्या वर्षी हातात येतात त्या वर्षी ते मोजले जातात. त्याच वर्षी नवी यंत्रं घेतली तर त्यांची किंमत ब्लॉकमध्ये मिळते आणि हा नफा कमी होतो किंवा उरत नाही. म्हणून विम्याचा चेक आणि नवी खरेदी एकाच आर्थिक वर्षात बसते का, ते बघा.

गाळ काढणं, मोटार रिवाइंडिंग, भिंतीची डागडुजी हा दुरुस्तीचा खर्च मात्र त्याच वर्षी पूर्ण वजा होतो. बिलं नीट ठेवा.

पुरामुळं कारखाना बंद पडला आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा सुरू केला, तर आधीचा तोटा नव्यानं सुरू झालेल्या वर्षापासून मोजून पुढं नेण्याची खास सोय कलम ७२ मध्ये आहे. बंद पडलेल्या मिलवाल्यांनी ही विचारून घ्यावी.

घर आणि नोकरदार

राहतं घर पडलं, कपाट-भांडी-टीव्ही गेला, मोटारसायकल वाहून गेली. यातलं काहीही पगारातून किंवा पेन्शनमधून वजा होत नाही. घराच्या पडझडीची सरकारी मदत करमुक्त आहे, तेवढाच दिलासा. जुन्या कर पद्धतीत राहणाऱ्यांना घरदुरुस्तीच्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते.

नोकरी किंवा पेन्शनसोबत दुकानही असेल तर लक्षात ठेवा: दुकानाचा तोटा पगार-पेन्शनमधून वजा होत नाही. भाडं किंवा बँकेचं व्याज यातून होतो.

नातेवाइकांनी पाठवलेले पैसे करमुक्त. मित्रमंडळी, गाववाले अशा नात्याबाहेरच्या लोकांकडून वर्षभरात मिळून ५०,००० च्या वर आले, तर मात्र सगळी रक्कम करपात्र होते. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेची मदत यात धरत नाहीत.

तोटा पुढं न्यायचा तर तारीख चुकवू नका

धंद्याचा तोटा आठ वर्षं पुढं नेता येतो, पण रिटर्न ठरलेल्या मुदतीत भरलं तरच. उशिराच्या रिटर्ननं हा हक्क जातो, फक्त न वापरलेला घसारा टिकतो. आयटीआर-१ आणि आयटीआर-४ मध्ये तोटा पुढं नेण्याची सोय नाही. धंदेवाल्यांना आयटीआर-३ भरावा लागतो. तुमच्या प्रकाराची शेवटची तारीख पोर्टलवर बघून घ्या.

वह्याच पुरात गेल्या आणि मुदत चुकली, तर कलम ११९(२)(बी) खाली उशीर माफ करण्यासाठी अर्ज करता येतो. त्यासाठी ऑक्टोबर २०२४ चं परिपत्रक क्रमांक ११ आहे. त्या आकारणी वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांच्या आत अर्ज हवा. खरी अडचण होती हे कागदानं दाखवावं लागतं.

कागद कुठले, दोन्ही बाजूंनी

मदत जमीन जिथं आहे त्या राज्याकडून मिळते, तुम्ही राहता कुठं यावर नाही. राहायला देगलूर आणि रान औरादमध्ये असेल, तर अर्ज कर्नाटकात.

कर्नाटकात: पहाणी म्हणजे आरटीसी उतारा, फ्रूट्स आयडी, आधार जोडलेलं बँक खातं, ग्राम आडळित अधिकारी किंवा नाडकचेरीकडची नुकसानीची नोंद. पैसे आले का ते 'परिहार' पोर्टलवर दिसतं.
महाराष्ट्रात: सातबारा, ई-पीक पाहणीची नोंद, फार्मर आयडी, तलाठ्याचा पंचनामा, ई-केवायसी.

टॅक्ससाठी याशिवाय: दुकान किंवा गोठा साफ करण्याआधीचे तारखेसह फोटो, तहसीलचा पंचनामा किंवा दाखला, विमा सर्वेअरचा अहवाल, खरेदीची बिलं, स्टॉक रजिस्टर. वह्या भिजल्या असतील तर जीएसटी पोर्टलवरचं २बी विवरण, बँक स्टेटमेंट आणि घाऊक व्यापाऱ्याकडचा खातेउतारा यावरून हिशोब पुन्हा उभा करता येतो. कन्नड कागदाचं इंग्रजी किंवा हिंदी भाषांतर सोबत जोडून ठेवा. तोटा आठ वर्षं पुढं जाणार असेल तर कागदही तितकी वर्षं सांभाळायला हवेत.

मदत देणाऱ्यांसाठी

मुख्यमंत्री सहायता निधी, मग तो बेंगळुरूचा असो की मुंबईचा, आणि पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधीला दिलेल्या रकमेवर कलम ८०जी खाली १०० टक्के वजावट आहे. ती फक्त जुन्या कर पद्धतीत मिळते आणि २,००० रुपयांच्या वरची रोख देणगी चालत नाही. गावात थेट वाटलेलं धान्य, कपडे यांची वजावट नाही.

कायदा बदलला, पण या वर्षाचा हिशोब जुन्यानंच

१ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. सप्टेंबर २०२५ चा पूर २०२५-२६ या आर्थिक वर्षातला, त्यामुळं त्याचा हिशोब १९६१ च्या कायद्यानं आणि वर दिलेल्या कलमांनीच होतो. यापुढच्या पुरासाठी नवे क्रमांक बघावे लागतील.

टॅक्स शून्यच येतो, मग एवढा खटाटोप कशाला, असं अनेक जण म्हणतात. कापलेला टीडीएस परत मिळवायला रिटर्न लागतं, बँक नवं कर्ज देताना तीन वर्षांची रिटर्नं मागते, आणि आज नोंदवलेला तोटा दोन वर्षांनी धंदा सावरल्यावर कामाला येतो. नोंदवला नाही तर तो फक्त आपल्याच आठवणीत राहतो. पंचनाम्याची प्रत अजून घेतली नसेल, तर तहसीलला एक चक्कर मारून ती घेऊन ठेवा.